लिबियाच्या आडून

‘लिबियाचं काय झालं, पाहिलंत ना?’ एवढं म्हटलं की वाद संपला, असं आपल्याकडे मानलं जातं. परराष्ट्र धोरणावरचा परिसंवाद असो, अग्रलेख असो की निवृत्त राजदूताचं व्याख्यान असो. एखाद्या देशात सामान्य माणसांची कत्तल चालू असताना बाहेरच्यांनी काही करावं का, हा प्रश्न निघाला रे निघाला की कुणीतरी लिबिया हे हुकमाचं पान टाकतं. समोरचा गप्प बसतो. त्या पानानं डाव खरोखर जिंकता येतो का, हे कुणी तपासत नाही.

त्या पानाची किंमत मी आधीच मान्य करतो. मार्च २०११ मध्ये गद्दाफीचं सैन्य बेनगाझीच्या वेशीवर आलं होतं. १७ मार्चला सुरक्षा परिषदेनं १९७३ क्रमांकाचा ठराव केला: नागरिकांच्या रक्षणासाठी लागतील ते उपाय करा, मात्र परकी फौज जमिनीचा ताबा घेऊन बसणार नाही. दहा मतं बाजूनं पडली, विरोधात एकही नाही. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. बेनगाझी वाचलं, पण विमानं तिथं थांबली नाहीत. २० ऑक्टोबरला सिर्तजवळ गद्दाफीच्या ताफ्यावर नाटोनं हल्ला केला आणि बंडखोरांनी त्याला पकडून ठार मारलं. त्यानंतर शस्त्रागारं लुटली गेली, शस्त्रं वाळवंट ओलांडून मालीपर्यंत पोहोचली, आणि लिबियाच्या वाट्याला दोन-दोन सरकारं आली. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनं २०१६ मध्ये आपल्याच सरकारचे वाभाडे काढले. ठरावाच्या वेळी भारताचे संयुक्त राष्ट्रसंघातले स्थायी प्रतिनिधी असलेल्या हरदीपसिंग पुरी यांनी त्याच वर्षी या सगळ्या प्रकारावर अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यातला संताप रास्त आहे. माणसं वाचवण्याचा परवाना घेऊन जायचं आणि सत्तापालट करून यायचं, ही सरळसरळ लबाडी होती. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ असं छोट्या देशांना वाटलं असेल तर त्यात त्यांची काही चूक नाही.

इथवर माझं कुणाशीच भांडण नाही. भांडण आहे ते यापुढं मारल्या जाणाऱ्या उडीशी. लिबियात नागरिकांच्या रक्षणाच्या जबाबदारीचा गैरवापर झाला, म्हणून ती जबाबदारीच थोतांड. ज्यानं त्यानं आपापलं घर सांभाळावं, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कत्तल आत चाललेली असते, जग बाहेर उभं असतं, आणि आत शिरायचं की नाही एवढाच निर्णय जगाला घ्यायचा असतो. बाँब टाका म्हणणारे आणि टाकू नका म्हणणारे, दोघंही हेच चित्र डोळ्यांपुढं ठेवून भांडतात. ते चित्रच खोटं आहे. अलीकडच्या बहुतेक मोठ्या कत्तलींत बाहेरचे आधीपासून आत होते. त्यांची शस्त्रं आत होती, पैसा आत होता, सल्लागार होते, पुष्कळदा संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या टोप्या घातलेले सैनिकही होते. त्या आत असलेल्यांनी काय केलं आणि काय टाळलं, हा खरा प्रश्न आहे.

रवांडाचं नाव या वादात नेहमी घेतलं जातं, पण तिथं नेमकं काय घडलं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ‘जगानं वेळेवर हस्तक्षेप केला नाही’ असं आपण म्हणून टाकतो. पण जग तिथं होतंच. यादवी थांबवण्यासाठी झालेल्या अरुशा करारानंतर, रवांडा सरकारच्या संमतीनं, ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेनं शांतिसेना पाठवली होती. सुमारे अडीच हजार सैनिक आणि त्यांचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमेओ डॅलेअर. ११ जानेवारी १९९४ ला डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार केली. मिलिशियाच्या आतल्या गोटातला एक माणूस फुटला होता. शस्त्रं कुठं लपवली आहेत ते तो दाखवायला तयार होता आणि अल्पसंख्य तुत्सी जमातीच्या माणसांच्या याद्या बनवल्या जात आहेत असं सांगत होता. वीस मिनिटांत हजार माणसं मारता येतील अशी तयारी झाली आहे, हे त्याचं म्हणणं. शस्त्रसाठ्यांवर छापे घालतो, असं डॅलेअर यांनी कळवलं. मुख्यालयाचं उत्तर आलं: तुमच्या अधिकारात ते बसत नाही, राष्ट्राध्यक्षांना जाऊन सांगा. म्हणजे ज्यांच्या आश्रयानं ती मिलिशिया पोसली जात होती, त्यांनाच.

६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना आणि त्यांच्या संरक्षणाला गेलेल्या दहा बेल्जियन सैनिकांना मारण्यात आलं. बेल्जियमनं फौज परत बोलवायचं ठरवलं. किगालीत किचुकिरो भागात एक तांत्रिक शाळा होती. तिथं बेल्जियन तुकडीचा तळ होता, म्हणून सुमारे दोन हजार माणसं शाळेच्या आवारात येऊन राहिली होती. त्यांत शेकडो मुलं होती. फाटकाबाहेर मिलिशियाची टोळकी कोयते घेऊन, बियर पीत, घोषणा देत बसलेली. ११ एप्रिलला परदेशी नागरिकांना नेण्यासाठी फ्रेंच सैनिक आले. गोऱ्यांना बाहेर काढण्यात आलं आणि मग बेल्जियन तुकडीही निघाली. लोक गाड्यांना लटकले, चाकांपुढं आडवे झाले. कोयत्यांनी मरायला सोडण्यापेक्षा तुम्हीच गोळ्या घाला, अशीही विनवणी झाली. हवेत गोळीबार करून वाट काढत गाड्या गेल्या. त्याच दिवशी उरलेल्यांना हाकत न्यांझाच्या टेकडीकडे नेण्यात आलं आणि तिथं त्यांतल्या बहुतेकांना मारलं गेलं.

या दोन हजार माणसांना जगाकडून काय हवं होतं? बाँबफेक नको होती, सत्तापालट नको होता. शंभरेक सैनिकांनी जिथं होते तिथंच थांबावं, एवढंच. फाटकाबाहेरचे लोक पाच दिवस आत आले नव्हते, कारण आत बंदुका होत्या. ‘बाहेरच्यांनी मध्ये पडू नये’ हे तत्त्व या फाटकापाशी लावून पाहा. ते लागूच होत नाही. बाहेरचे मध्येच होते. त्यांनी केली ती माघार होती, आणि माघार हीसुद्धा एक कृती असते. फाटकाबाहेर कोयते घेऊन बसलेल्यांना ती बरोबर कळली.

२१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ९१२ क्रमांकाच्या ठरावानं ही फौज २७० वर आणायचं ठरवलं. ठराव एकमतानं झाला. आता सार्वभौमत्वाच्या कैवाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं: त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. ज्या राजवटीची माणसं रस्त्यारस्त्यावर नाकी लावून ओळखपत्रं बघून माणसं कापत होती, तिचाच प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये त्या टेबलाशी बसून, फौज कमी करायच्या बाजूनं हात वर करत होता. सार्वभौम देशाचं म्हणणं परिषदेनं अगदी आदरानं ऐकून घेतलं. पुढच्या काही आठवड्यांत मेलेल्यांचा आकडा, संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानं, आठ लाखांच्या आसपास गेला.

थांबणारेही होते. २७० चा आकडा बाजूला ठेवून साडेचारशेच्या आसपास माणसं किगालीत टिकून राहिली. त्यांत बरेचसे घानाचे होते आणि त्यांचे ब्रिगेडियर हेन्री आन्यिदोहो यांनी परत जायला नकार दिला होता. ना पुरेसा दारूगोळा, ना पुरेसं अन्न, तरी स्टेडियममध्ये, हॉटेलात, इस्पितळात आसऱ्याला आलेली हजारो माणसं त्यांच्यामुळं जगली. सेनेगलचा कॅप्टन एम्बाय दियान्य हा तर निःशस्त्र निरीक्षक होता. पंतप्रधानांची मुलं त्यानं लपवून वाचवली. मग आपल्या गाडीत एका खेपेला दोन-चार माणसं घालून, नाक्यानाक्यावर हसतखेळत, सिगारेटी वाटत, तो त्यांना पार करत राहिला. ३१ मे रोजी अशाच एका नाक्याजवळ उखळी तोफेचा गोळा पडून तो गेला. हस्तक्षेपाच्या धोक्यांवर व्याख्यानं देणाऱ्यांनी या माणसाचं वर्गीकरण कशात करायचं ते सांगावं.

आणि एक रेडिओ होता. कुणाला कुठं जाऊन मारायचं, हे आरटीएलएम या केंद्रावरून नावानिशी सांगितलं जायचं. त्याच्या लहरी अडवणारं विमान अमेरिकेपाशी होतं. मे महिन्यात संरक्षण खात्यानं त्यावर टिपण केलं: कायदेशीर अडचणी आहेत, परिणाम होईलच असं नाही, आणि खर्च ताशी साडेआठ हजार डॉलर. विमान उडालं नाही. यात एक गोळीही झाडायची नव्हती.

इथं हटकून सांगितलं जातं की रक्षणाची ही जबाबदारी म्हणजे सगळी पाश्चात्त्यांची कल्पना. वसाहतवादाला नवा मुखवटा चढवून ती आपल्यासमोर ठेवली आहे. हे म्हणणाऱ्यांना तिचा जन्म कुठं झाला याची कल्पना नसावी. सार्वभौमत्व म्हणजे हक्काइतकीच जबाबदारी, ही मांडणी नव्वदच्या दशकात केली ती फ्रान्सिस देंग या सुदानी मुत्सद्द्यानं. २००१ मध्ये ज्या आयोगानं तिला आकार दिला त्याचे एक सहअध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे गॅरेथ इव्हान्स, दुसरे अल्जीरियाचे मोहम्मद सहनून. त्याच्याही आधी, २००० मध्ये, आफ्रिकी संघानं आपल्या घटनेतच कलम ४(ह) घातलं: वंशसंहार, युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा संघाला अधिकार आहे. रवांडाचे शेजारी होते ते. दुसऱ्याच्या घरातली आग आपल्या अंगणात कशी येते हे त्यांनी सोसलं होतं. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत भारतासह सगळ्या देशांनी जे दोन परिच्छेद मान्य केले, १३८ आणि १३९, ते एकदा तरी वाचून बघा. पहिली जबाबदारी त्या त्या देशाची. मग मदत, मध्यस्थी, दबाव. बळाचा वापर अगदी शेवटी, आणि तोही सुरक्षा परिषदेमार्फतच. लिबियावाले त्या यादीतलं शेवटचं कलम घेऊन पळाले. त्यांचे टीकाकारही तेच एक कलम वाचतात.

यादीतली आधीची कलमं चालतात का? जानेवारी २००८ मध्ये केनियात निवडणुकीच्या निकालावरून जमाती एकमेकींवर उठल्या. हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो घरं सोडून पळाली. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान नैरोबीत जाऊन बसले ते महिनाभराहून अधिक काळ हललेच नाहीत. २८ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगा यांनी सत्तावाटपाच्या करारावर सह्या केल्या. हे अन्नान म्हणजे १९९४ मध्ये शांतिसेना विभागाचे प्रमुख, डॅलेअरना छापे घालू नका असं ज्या विभागानं कळवलं तो. केनियाची आठवण कुणी काढत नाही, कारण तिथं विमानं उडाली नाहीत आणि टीव्हीवर दाखवायला काही नव्हतं.

आता आपल्याकडे वळतो. या बाबतीत आपला इतिहास आपल्याच युक्तिवादाच्या आड येतो. ‘दुसऱ्याच्या अंतर्गत बाबीत पडू नये’ हे तत्त्व भारत उच्चारतो तेव्हा १९७१ चं काय करायचं? २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्करानं कत्तल सुरू केली. जगाला तिचं पूर्ण चित्र दिसलं ते १३ जून रोजी, ‘संडे टाइम्स’मध्ये अँथनी मस्करेन्हस यांचा वृत्तांत आला तेव्हा. हे मस्करेन्हस बेळगावात जन्मलेले, गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले आणि कराचीत पत्रकारिता करणारे. लष्करानंच त्यांना पूर्व बंगाल दाखवायला नेलं होतं, सगळं सुरळीत आहे असं छापून यावं म्हणून. कोमिलाच्या तळावर अधिकाऱ्यांच्या गप्पांत जे कानावर पडलं ते तिथून छापणं अशक्य होतं. त्यांनी आधी बायकामुलांना देशाबाहेर काढलं, मग स्वतः निघाले, आणि लंडनमध्ये सगळं लिहिलं. पुन्हा त्या देशात राहता येणार नाही हे ठाऊक असून.

भारतानं तेव्हा पहिलं काय केलं? सरहद्द उघडी ठेवली. एक कोटीच्या आसपास माणसं आली. फौज गेली ती डिसेंबरात, पण रक्षण एप्रिलपासून चालू होतं, ते बनगावच्या आणि त्रिपुराच्या छावण्यांत. आणि फौज गेली तेव्हा जग आपल्या बाजूनं होतं असं कुणी समजू नये. ७ डिसेंबरला आमसभेनं युद्धबंदीचा आणि सैन्य मागं घेण्याचा ठराव केला: बाजूनं १०४, विरोधात ११. त्या ११ मध्ये आपण, भूतान, सोव्हिएत रशिया आणि त्याचे मित्र. आज आपण जी भाषा बोलतो, सार्वभौमत्व, अखंडता, अंतर्गत प्रश्न, ती त्या दिवशी जवळपास सगळं जग आपल्याला ऐकवत होतं.

‘पण भारताचा त्यात स्वार्थ होता.’ होताच की. पाकिस्तानचे दोन तुकडे होणं दिल्लीला नको होतं, असं कोण म्हणेल? हाच न्याय १९७९ मध्ये कंबोडियातली पोल पॉटची राजवट उलथवणाऱ्या व्हिएतनामला आणि युगांडातून इदी अमीनला हाकलणाऱ्या टांझानियाला लावा. तिघांनीही स्वसंरक्षणाची कारणं दिली. तिघंही गरीब देश, आणि वसाहतवादी तर नव्हतेच. हेतू धुतल्या तांदळासारखा असावा ही अट घातली तर जगात कुणीच कुणाला वाचवू शकणार नाही. हेतूपेक्षा सोप्या कसोट्या आहेत: कत्तल थांबली का, आणि वाचवायला आलेला परत गेला का. भारतीय सैन्य १९७२ च्या मार्चमध्ये ढाक्यात निरोपाचं संचलन करून परतलं. व्हिएतनाम कंबोडियात दहा वर्षं बसला, आणि त्याबद्दल त्याला बोल लावायलाच हवा. याच कसोटीवर लिबियातला नाटोही नापास होतो. पण नापास ठरवायचं तर कसोटी लागते, आणि लिबियाचं पान टाकणारे ती कसोटीच फेकून द्यायला सांगतात.

कायद्याचं बोलू. २००५ चे ते परिच्छेद कायदा नाहीत, नुसती राजकीय ग्वाही आहे, असं आपले तज्ज्ञ बजावतात. बरोबर आहे. पण १९४८ चा वंशसंहारविरोधी करार हा कायदा आहे आणि भारतानं तो १९५९ मध्ये मंजूर केला. त्याच्या पहिल्याच कलमात वंशसंहार रोखण्याचं वचन आहे. ‘रोखणं’ म्हणजे किती, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २६ फेब्रुवारी २००७ रोजी बोस्नियाच्या खटल्यात सांगितलं. स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये आठेक हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेही संयुक्त राष्ट्रसंघानं ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या गावात, डच शांतिसैनिकांच्या डोळ्यांदेखत. सर्बियानं स्वतः वंशसंहार केला असं न्यायालयानं म्हटलं नाही. पण मारेकऱ्यांवर ज्याचा वजनदार प्रभाव होता त्यानं तो वापरला नाही, म्हणून रोखण्याचं कर्तव्य मोडलं, असा निकाल दिला. कर्तव्य सरहद्दीपाशी संपत नाही. ज्याचं मारेकऱ्यांपाशी जितकं वजन, तितकी त्याची जबाबदारी. आणि ‘आम्ही प्रयत्न केला असता तरी उपयोग झाला नसता’ ही सबब न्यायालयानं गैरलागू ठरवली. ही सबब दक्षिण आशियात फार लोकप्रिय आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता हे माप म्यानमारला लावा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. गावं जळत असताना, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आपले पंतप्रधान नेपिडोमध्ये होते. संयुक्त निवेदनात सुरक्षा दलांवरच्या दहशतवादी हल्ल्यांचा निषेध झाला. पळणाऱ्या लाखांबद्दल अवाक्षर नाही. नंतर आपण बांगलादेशातल्या छावण्यांना धान्य पाठवलं, हेही नोंदवायला हवं. जानेवारी २०२० मध्ये गांबियाच्या तक्रारीवरून हेगच्या न्यायालयानं म्यानमारला रोहिंग्यांच्या रक्षणाचे अंतरिम आदेश दिले. त्याच वर्षी भारतानं म्यानमारच्या नौदलाला ‘सिंधुवीर’ ही पाणबुडी दिली. पाणबुडीनं कुणा रोहिंग्याचं घर जाळलं असं मी म्हणत नाही. पण ज्याला पाणबुडी देता येते त्याचं वजन नाही, असं कसं म्हणायचं? चीनचा प्रभाव वाढू नये म्हणून हे करावं लागतं, असं सांगितलं जातं. ठीक आहे, मग ते धोरण म्हणून सांगा. त्याला अलिप्ततेचं सोवळं नेसवू नका. आणि १९७१ मध्ये एक कोटींना आसरा देणाऱ्या देशानं रोहिंग्यांना जम्मूत डांबून परत पाठवायची तयारी चालवली, त्याला तर ‘हस्तक्षेप नको’ हे तत्त्वही लागू होत नाही. आपल्या हद्दीतल्या माणसाला मारेकऱ्याच्या हाती न देणं यात कुणाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागतो?

गंमत अशी की आपले जवान आपल्या मुत्सद्द्यांच्या पुष्कळ पुढं आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी भडकली तेव्हा जुबा, बोर, मलाकाल इथल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तळांकडे माणसांचे लोंढे आले. किगालीच्या शाळेपुढं आला होता तोच प्रसंग. या वेळी फाटकं उघडली गेली. पुढं तिथं दोन लाखांपर्यंत माणसं राहिली. अकोबो इथला तळ अगदी छोटा होता आणि तिथं भारतीय सैनिक होते. आसऱ्याला आलेल्या डिंका जमातीच्या लोकांना मारण्यासाठी १९ डिसेंबरला सशस्त्र जमाव चालून आला. दोन भारतीय सैनिक मारले गेले, आत आलेले नागरिकही मारले गेले. सगळं चांगलंच झालं असं नाही. मलाकालमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये छावणीवर हल्ला झाला तेव्हा शांतिसैनिकांच्या ढिलाईवर चौकशीत ठपका आला. पण त्या छावण्या नसत्या तर किती मेले असते याचा हिशेब लिबियाचं पान टाकणाऱ्यांनी मांडून दाखवावा.

उरला तो सर्वांत टोकदार आक्षेप: गाझाचं काय? तिथं ही जबाबदारी कुठं जाते? प्रश्न बिनतोड आहे, पण तो कुणाला विचारायचा? सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव नकाराधिकारानं पाडणाऱ्या अमेरिकेला. दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये हेगला धाव घेतली ती १९४८ च्याच कराराखाली, वंशसंहार रोखण्याच्या त्याच कर्तव्यावर बोट ठेवून. २६ जानेवारी २०२४ च्या अंतरिम आदेशांच्या बाजूनं भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनीही मत दिलं. ज्यांना गाझात दुटप्पीपणा दिसतो त्यांनी ते कर्तव्य अधिक घट्ट धरायला हवं. मोजमाप लबाड आहे म्हणून तराजूच मोडायचा, तर मोजणाऱ्या लबाडाचं आयतंच फावेल.

आणि सार्वभौमत्वाचं तत्त्व अगदी शुद्ध स्वरूपात चालू द्यायचं म्हटलं तर काय होतं, तेही ताजंच आहे. सुदानच्या दारफूर भागातलं एल फाशर शहर निमलष्करी आरएसएफनं वेढलं. जून २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेनं वेढा उठवा असा ठराव केला, पण अंमल कुणी करायचा ते ठरलं नाही. नोव्हेंबरात नागरिकांच्या रक्षणाचा आणखी एक मसुदा आला. चौदा मतं बाजूनं पडली आणि एकट्या रशियानं तो पाडला. कारण दिलं सुदानच्या सार्वभौमत्वाचं. पुढं शहराभोवती मातीचे बांध पडत असल्याचं उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसलं; दिसल्यावरही कुणी काही केलं नाही. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं आणि मग जे व्हायचं ते झालं. बाहेरचे तिथं नव्हते का? आरएसएफची शस्त्रं सुदानात तयार होत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीवर ती पुरवल्याचे आरोप आहेत, अमिराती ते नाकारते. शस्त्रबंदी आहे ती २००४ पासून, पण फक्त दारफूरपुरती. उरलेल्या सुदानात शस्त्रं उतरवायला मोकळीक. ही बंदी सगळ्या देशाला लावा, एवढी मागणी करायला कुठलं बाँबफेकी विमान लागतं?

मग हे सगळं ठाऊक असूनही आपल्याकडे २००५ च्या त्या दोन परिच्छेदांची इतकी धास्ती का? लिबिया हे खरं कारण नाही. त्यांतलं पहिलं कलम आपल्याच घराबद्दल बोलतं, हे खरं कारण आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात सज्जनकुमारला जन्मठेप दिली. त्या निकालात न्यायमूर्तींनी १९९३ ची मुंबई, २००२ चा गुजरात, २००८ चं कंधमाल आणि २०१३ चं मुझफ्फरनगर ही नावं एका ओळीत घेतली, आणि म्हटलं की वंशसंहार काय किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे काय, आपल्या देशी फौजदारी कायद्यात नाहीत. ही त्रुटी तातडीनं भरून काढली पाहिजे. १९५९ मध्ये मंजूर केलेल्या करारानुसार असा कायदा करणं आपल्यावर बंधनकारक होतंच. पुढं अख्खी दंडसंहिता नव्यानं लिहायची संधी आली. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत संघटित गुन्हेगारी आली, दहशतवाद आला, झुंडीनं केलेली हत्या आली. हे दोन गुन्हे आले नाहीत. आमच्या घरचं आम्ही पाहून घेऊ, बाहेरच्यांनी सांगू नये, असं म्हणणाऱ्यांनी ते कोणत्या कलमाखाली पाहून घेणार आहेत, तेवढं तरी सांगावं.